रेघेमागचे कागद

कच्छच्या पश्चिम टोकाला, सिंधूच्या त्रिभुज प्रदेशाला लागून सर क्रीक नावाची खाडी आहे. लांबी सुमारे ९६ किलोमीटर. दोन्ही बाजूंना चिखल, दलदल आणि भरतीचं पाणी. भारत आणि पाकिस्तान यांच्यातली हद्द या खाडीत नेमकी कुठून जाते, यावर दोन्ही देशांचं अजून एकमत नाही. खाडी समुद्राला मिळते तिथून पुढे दोघांची सागरी सीमा सुरू व्हायची आहे, तीही त्यामुळे अडून राहिली आहे. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातले तरुण पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागतात आणि पुढची कित्येक वर्षं कराचीच्या तुरुंगात काढतात. त्यामागे ही न ठरलेली रेघही आहे.

अशी एखादी सीमा समजून घ्यायची तर आपण आधी नकाशा उघडतो. माझं म्हणणं असं की नकाशा शेवटी उघडावा. नकाशावर रेघ दिसते, पण ती कुणी, कधी आणि कोणत्या अधिकाराने ओढली हे कळत नाही. ते सांगणारे कागद वेगळे असतात. त्या कागदांपर्यंत नेणारे संदर्भग्रंथ गेल्या दीडशे वर्षांत तयार झाले आहेत. ते कोणत्या क्रमाने वाचावेत आणि कुणावर किती विसंबावं, हे इथे सांगायचं आहे. उदाहरणं शक्यतो आपल्या आसपासची घेतो.

पहिलं पुस्तक कोणत्याही एका सीमेबद्दलचं नसावं. सीमा तयार कशी होते, हे सांगणारं असावं. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ स्टीफन जोन्स यांचं ‘बाउंडरी-मेकिंग’ हे १९४५ सालचं पुस्तक त्यासाठी अजूनही उत्तम आहे. महायुद्ध संपत होतं आणि पुन्हा एकदा देशोदेशींच्या सीमा आखल्या जाणार होत्या. ते काम करणारे मुत्सद्दी, तहाचा मसुदा लिहिणारे आणि सीमा आयोगावरचे अधिकारी यांच्यासाठी जोन्स यांनी हे हातपुस्तक लिहिलं. सीमेचे टप्पे त्यात वेगवेगळे केले आहेत. आधी प्रदेशाची ढोबळ वाटणी होते. मग तहात शब्दांनी किंवा अक्षांश-रेखांशांनी रेघ निश्चित केली जाते. त्यानंतर प्रत्यक्ष जमिनीवर खांब रोवले जातात. शेवटी त्या सीमेची रोजची देखभाल सुरू होते. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडण लागलं की खरेदीखत एक सांगतं, मोजणीचा नकाशा दुसरंच दाखवतो आणि बांधावरचा दगड तिसऱ्याच जागी असतो. देशांच्या सीमेचंही तसंच होतं. वाद ऐकला की तो यातल्या कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे आधी ओळखावं. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

जोन्स यांचा सगळा कटाक्ष शब्दांवर आहे. ‘पर्वताची धार’, ‘नदीचा मुख्य प्रवाह’, ‘जलविभाजक’ असे शब्द तहात सहज लिहिले जातात. जमिनीवर गेल्यावर मात्र धार एक नसते, प्रवाह दोन निघतात आणि पाणी भलतीकडेच वाहत असतं. १८९० मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी आफ्रिकेतल्या चोबे नदीबद्दल ‘मुख्य प्रवाहाचा मध्य’ असं लिहून ठेवलं. नदीत एक बेट आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं. मुख्य प्रवाह कोणता, यावर बोट्स्वाना आणि नामिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. निकाल १९९९ मध्ये लागला. न्यायालयाने उत्तरेकडचा प्रवाह मुख्य धरला आणि बेट बोट्स्वानाकडे गेलं.

हे डोक्यात बसलं की मगच एका विशिष्ट सीमेकडे वळावं. जमिनीवरच्या सीमांसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भूगोल विभागाने १९६१ पासून ‘इंटरनॅशनल बाउंडरी स्टडीज’ ही मालिका काढली. एका सीमेला एक पुस्तिका, तीही लहानशी. सीमेची लांबी, भूगोल, थोडा इतिहास आणि कोणकोणत्या तहांनी ती ठरली त्यांची यादी, एवढा मजकूर. खरा उपयोग त्या यादीचा. आफ्रिकेसाठी इयन ब्राउनली यांचा १९७९ चा ‘आफ्रिकन बाउंडरीज’ हा कोश याच्या कितीतरी पुढे जातो. प्रत्येक सीमेचा मूळ मजकूर, त्यावरचं कायदेशीर भाष्य आणि कोणता भाग अजून कच्चा आहे, हे सगळं एका ठिकाणी मिळतं. आशियासाठी त्या तोडीचा एकहाती कोश नाही. व्हिक्टर प्रेस्कॉट यांचं १९७५ चं ‘मॅप ऑफ मेनलँड एशिया बाय ट्रीटी’ त्याच्या जवळपास येतं.

आपल्या भागासाठी मूळ कागदांचा मोठा साठा म्हणजे ॲचिसन. चार्ल्स ॲचिसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारत आणि शेजारच्या देशांशी झालेले तह, करारनामे आणि सनदा १८६२ पासून संकलित करायला सुरुवात केली. शेवटच्या आवृत्तीचे चौदा खंड झाले. पेशवे, शिंदे, होळकर, कोल्हापूर, सावंतवाडी यांच्याशी झालेले करार वाचण्यासाठी मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासकही याच खंडांकडे जातात. पण याच ग्रंथाच्या चौदाव्या खंडाची एक हकिकत सीमांच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असावी.

१९१३-१४ मध्ये सिमल्यात ब्रिटिश हिंदुस्थान, तिबेट आणि चीन यांची परिषद झाली. तिबेटच्या प्रतिनिधीने ब्रिटिश प्रतिनिधी हेन्री मॅकमहॉन यांच्याशी पूर्व हिमालयातली सीमारेघ, म्हणजे मॅकमहॉन रेषा, मान्य केली. चीनने कराराला अंतिम संमती दिली नाही. पुढे १९२९ च्या चौदाव्या खंडात या परिषदेबद्दल एक त्रोटक टीप छापली गेली. त्यात कराराचा मजकूर नव्हता आणि भारत-तिबेट सीमेचा उल्लेखही नव्हता. १९३० च्या दशकात ओलाफ कॅरो या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की आपण मानतो ती सीमा आपल्याच अधिकृत संग्रहात नाही. मग १९३८ मध्ये नवा खंड छापला गेला. त्यात सिमला कराराचा मजकूर आणि सीमेची टीप घातली गेली. मुखपृष्ठावर साल मात्र १९२९ च ठेवलं. जुन्या प्रती ग्रंथालयांकडून परत मागवून नष्ट केल्या गेल्या. काही प्रती तरीही वाचल्या, त्यातली एक अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात होती. जॉन ॲडिस या ब्रिटिश मुत्सद्द्याने १९६३ मध्ये दोन्ही प्रती शेजारी ठेवून फरक उघड केला.

मॅकमहॉन रेषा खरी की खोटी, हे यातून ठरत नाही. तिबेटच्या प्रतिनिधीशी झालेली पत्रं आणि सह्यांचे नकाशे स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत. पण संदर्भग्रंथालाही छापणारा असतो आणि छापणाऱ्याला हेतू असतो, हे यातून शिकावं. म्हणून एकाच तहाचा मजकूर किमान दोन ठिकाणी तपासायची सवय लावून घ्यावी. १९२० नंतरच्या तहांसाठी राष्ट्रसंघाची आणि १९४६ पासून संयुक्त राष्ट्रांची करारमालिका आहे. करार तिथे मूळ भाषेतही मिळतो. दोन संग्रहांत शब्द वेगळे दिसले तर मूळ भाषेतला पाठ काढून बघावा.

आता सर क्रीककडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता आणि कच्छ हे संस्थान होतं. कोरी आणि सर या दोन खाड्यांमधल्या जमिनीवरून सिंधचं प्रशासन आणि कच्छचे राव यांच्यात वाद लागला. मुंबई सरकारने तडजोड केली आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी ठराव काढला. सोबत एक नकाशा होता, त्याला बी-४४ म्हणतात. आजचा सगळा वाद या ठरावाच्या नवव्या आणि दहाव्या परिच्छेदांभोवती फिरतो. नवव्या परिच्छेदात सीमेचं वर्णन आहे. त्यात नकाशावरच्या हिरव्या रेघेचा आधार घेतला आहे आणि ती रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते. दहाव्या परिच्छेदात सिंधच्या आयुक्तांचं म्हणणं नोंदवलं आहे. खाडी वेळोवेळी पात्र बदलते, तेव्हा सीमा नौकानयनाच्या प्रवाहाच्या मध्यातून धरावी, असा त्याचा आशय. पाकिस्तान हिरवी रेघ धरतो, म्हणजे सगळी खाडी त्याची. भारत प्रवाहाचा मध्य धरतो आणि १९२५ च्या बी-७४ या नकाशाचा दाखला देतो. खाडीच्या मध्यातली हद्द त्या नकाशावर खुणांनी दाखवली आहे. यावर पाकिस्तानचं उत्तर असं की मध्यप्रवाहाचा नियम नौकानयनाच्या पाण्याला लागू होतो आणि ही खाडी तशी नाही. भरतीच्या वेळी तिच्यातून बोटी जातात, असा भारताचा प्रतिवाद.

हा वाद नीट कळण्यासाठी जो ग्रंथ हाताशी हवा, तो म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केलेल्या लवाद निवाड्यांच्या संग्रहाचा सतरावा खंड. कच्छच्या रणाचा १९६८ चा निवाडा त्यात आहे. तो पहिल्या पानापासून ५७६ व्या पानापर्यंत चालतो. एप्रिल १९६५ मध्ये रणात चकमकी झाल्या, ३० जूनला युद्धविरामाचा करार झाला आणि त्यातून तीन सदस्यांचं न्यायाधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन, भारताने नेमलेले युगोस्लाव्हियाचे आलेश बेबलर आणि पाकिस्तानने नेमलेले इराणचे नसरुल्ला एन्तेझाम. भारताचं म्हणणं होतं की सीमा रणाच्या उत्तर कडेने जाते. पाकिस्तान चोविसाव्या अक्षांशावर अडून होता. निकालात रणाचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताकडे राहिला आणि उत्तरेचे काही उंच तुकडे पाकिस्तानला मिळाले. बेबलर यांनी भारताचा दावा पूर्ण मान्य करणारं वेगळं मत लिहिलं.

एवढा मोठा निवाडा पहिल्या पानापासून वाचायचा नसतो. आधी दोन्ही पक्षांनी न्यायाधिकरणासमोर नेमका कोणता प्रश्न ठेवला, ते शोधावं. इथेच कळतं की सर क्रीक या निवाड्यात का नाही: खाडीचं मुख ते तिचा माथा आणि तिथून पूर्वेकडे जाणारी निळी तुटक रेघ, हा भाग दोन्ही देशांनी वादाबाहेर ठेवला होता. त्यानंतर तिन्ही सदस्यांची मतं वाचावीत आणि मग मागे जाऊन पुरावे. मॅक्डोनल्ड, पुलन आणि अर्स्किन यांच्या एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या मोजण्या, पोलीस चौक्या, गुरं चारण्याचे हक्क, संस्थानी पत्रव्यवहार, सगळं तिथे उलगडून ठेवलं आहे. राज्य कुणाचं हे ठरवताना न्यायाधिकरण कोणत्या गोष्टीला वजन देतं, हे मला याच निवाड्यातून सगळ्यात स्पष्ट कळलं. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची जुनी दप्तरं महाराष्ट्र पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. इलाख्याच्या हद्दींवर काम करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मूळ कागदांसाठी लंडन गाठायची गरज नाही, हे कुणीतरी त्याला वेळेवर सांगायला हवं.

आता नकाशा उघडायला हरकत नाही. मजकूर आणि नकाशा यांच्यात विरोध आला तर काय, याचं एक ठरीव उत्तर नाही. बुर्किना फासो आणि माली यांच्या १९८६ च्या निकालात हेगच्या न्यायालयाने सांगितलं की नकाशा हा स्वतः मालकीचा दस्तऐवज नसतो. तो अधिकृत मजकुराला जोडलेला असेल तरच त्याला ते बळ येतं, एरवी तो इतर पुराव्यांसारखा एक पुरावा. याउलट कंबोडिया आणि थायलंड यांच्यातल्या प्रेअ विहिअर मंदिराच्या खटल्यात नकाशाच जिंकला. फ्रान्स आणि सयाम (आजचं थायलंड) यांच्या १९०४ च्या तहात सीमा जलविभाजकावरून जाईल असं लिहिलं होतं. फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या नकाशात मात्र मंदिर कंबोडियाच्या बाजूला आलं. तो नकाशा सयामला मिळाला आणि त्यांनी कित्येक दशकं हरकत घेतली नाही. १९६२ मध्ये न्यायालयाने हे मौन संमती धरलं. म्हणून कोणताही सीमा-नकाशा बघताना तीन गोष्टी शोधाव्यात: तो कोणत्या कागदाला जोडलेला आहे, त्यावर सह्या कुणाच्या आहेत आणि तो मिळाल्यावर दुसऱ्या पक्षाने काय केलं. ॲटलासमधल्या नकाशाला यातलं काहीच नसतं.

समुद्रावर गोष्ट वेगळी. तिथे खांब रोवता येत नाहीत, त्यामुळे सीमा म्हणजे निव्वळ आकडे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात बारा सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र, दोनशे मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र आणि सागरतळाचे हक्क सांगितले आहेत. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. दोन शेजारी देशांची क्षेत्रं एकमेकांवर आली तर प्रादेशिक समुद्रात सर्वसाधारणपणे मध्यरेषा धरावी, असं पंधरावं कलम सांगतं. आर्थिक क्षेत्र आणि सागरतळ यांच्याबाबत ७४ वं आणि ८३ वं कलम फक्त न्याय्य तोडगा काढा म्हणतात, कसा ते सांगत नाहीत. कायद्याने पद्धत सांगितली नाही म्हणून इतर देशांनी काय केलं ते बघावं लागतं, आणि म्हणूनच सागरी सीमांच्या अभ्यासात संदर्भग्रंथांना एवढं महत्त्व आलं.

यातला मुख्य ग्रंथ ‘इंटरनॅशनल मॅरिटाइम बाउंडरीज’. जोनाथन चार्नी आणि लुईस अलेक्झांडर यांनी संपादित केलेले पहिले खंड १९९३ मध्ये आले, नंतरचे खंड येत राहिले. जगाचे विभाग पाडून प्रत्येक करारावर एक अहवाल दिला आहे आणि सगळे अहवाल त्याच शीर्षकांखाली लिहिले आहेत. राजकीय पार्श्वभूमी, कायदेशीर व्यवस्था, मासेमारी आणि तेल, किनाऱ्याचा आकार, बेटं आणि खडक, आधाररेषा, सागरतळाची रचना, रेघ काढायची पद्धत, तांत्रिक बाबी. शेवटी कराराचा संपूर्ण मजकूर. शीर्षकं एकसारखी असल्यामुळे दहा वेगळ्या करारांत छोट्या बेटाला किती महत्त्व दिलं गेलं, हे एका बैठकीत तपासता येतं. मला या ग्रंथाची ही मांडणी फार मोलाची वाटते. खंड महाग आहेत, त्यामुळे विद्यापीठाच्या किंवा कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच चौकशी करावी लागेल.

याला पूरक म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याची ‘लिमिट्स इन द सीज’ ही मालिका. १९७० पासून चालू आहे आणि फुकट मिळते. एका करारावर किंवा एका देशाच्या दाव्यावर एक अंक. वळणाच्या प्रत्येक बिंदूपासून दोन्ही किनारे किती दूर आहेत ते मोजून दिलेलं असतं. त्यावरून रेघ खरंच मध्यातून जाते की एका बाजूला सरकली आहे, ते लगेच कळतं. हा एका सरकारचा ग्रंथ आहे आणि त्या सरकारला समुद्रावर मोकळं फिरायचं आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावं. दुसऱ्या देशांच्या दाव्यांवरची त्यातली टीका त्या भूमिकेतून येते.

कच्चतीवू बेटाचं उदाहरण घेऊन हे सगळं एकत्र पाहू. भारत आणि श्रीलंका यांनी जून १९७४ मध्ये पाल्कच्या सामुद्रधुनीतली सीमा ठरवली. करारात सहा बिंदू आहेत, महावर्तुळाच्या चापांनी जोडलेले. पहिला १० अंश ५ मिनिटं उत्तर, ८० अंश ३ मिनिटं पूर्व. रेघ कच्चतीवूच्या पश्चिमेकडून जाते, त्यामुळे बेट श्रीलंकेकडे गेलं. पाचवं कलम म्हणतं की भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू पूर्वीसारखे बेटावर जाऊ शकतील, त्यांना व्हिसा लागणार नाही. सहावं कलम दोन्ही देशांच्या नौकांचे एकमेकांच्या पाण्यातले परंपरागत हक्क राखतं. एवढं वाचून तामिळनाडूच्या मच्छीमारांना तिथे मासेमारीचा हक्क आहे, असं कुणालाही वाटेल. ‘लिमिट्स इन द सीज’चा ६६ वा अंक या करारावरच आहे, पण तो १९७५ चा. मार्च १९७६ मध्ये मन्नारचं आखात आणि बंगालचा उपसागर यांच्यासाठी दुसरा करार झाला. त्याच दिवशी, २३ मार्चला, दोन्ही परराष्ट्र सचिवांनी पत्रं बदलली. एका देशाचे मच्छीमार दुसऱ्याच्या पाण्यात मासेमारी करणार नाहीत, हे वाक्य त्या पत्रांत आहे. मूळ करारात ते सापडणार नाही. कच्चतीवूवर होणाऱ्या कितीतरी चर्चा या एका पत्राअभावी भरकटतात. कराराबरोबरची पत्रं, परिशिष्टं आणि नंतरच्या दुरुस्त्या शोधल्याशिवाय तो करार वाचून झाला असं समजू नये.

एक तांत्रिक गोष्टही सांगायलाच हवी. अक्षांश-रेखांशाचे आकडे पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजले, हे ठाऊक नसेल तर ते अर्धवट राहतात. भारतातल्या जुन्या मोजण्या एव्हरेस्टच्या गोलाभावर आहेत, आजचं उपग्रहाधारित मापन डब्ल्यूजीएस-८४ वर. तेच आकडे दोन पद्धतींत वेगळ्या जागी पडतात, कधी शेकडो मीटर अंतरावर. जुन्या करारांत बऱ्याचदा याचा उल्लेखच नसतो. म्हणून अहवालातला ‘तांत्रिक बाबी’ हा कंटाळवाणा वाटणारा भाग गाळू नये. फोनवरच्या नकाशावर जुन्या करारातला बिंदू टाकून निष्कर्ष काढणं तर टाळावंच.

हे सगळं एकाच कागदात बघायचं असेल तर बांगलादेश आणि भारत यांच्यातला ७ जुलै २०१४ चा लवाद निवाडा घ्यावा. तो इंटरनेटवर मोफत आहे. १९४७ च्या रॅडक्लिफ निवाड्यातल्या नदीच्या वर्णनापासून तो सुरू होतो, कारण जमिनीवरची सीमा समुद्राला कुठे मिळते हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. न्यायाधिकरणाने जुने नकाशे तपासले, २०१३ मध्ये स्वतः जाऊन जागा पाहिली, आधी मध्यरेषा काढली, मग बंगालच्या उपसागराचा किनारा आत वळलेला असल्यामुळे ती रेषा बदलली आणि १७७ अंश ३० मिनिटांच्या दिशेने सीमा नेली. भारतीय सदस्य पेम्मराजू श्रीनिवास राव यांनी काही मुद्द्यांवर वेगळं मत दिलं, तेही सोबत वाचावं. या रेघेमुळे एक चिंचोळा पट्टा असा उरला की तिथला सागरतळ बांगलादेशचा, तर वरचं पाणी आणि त्यातले मासे भारताच्या हक्काचे. दोन देशांनी तिथे एकमेकांना अडथळा न करता कसं वागायचं, ते न्यायाधिकरणाने त्यांच्यावरच सोपवलं आहे.